अनोळखी भागात पहिलं घर, तेही बजेटमध्ये: बदलापूर-अंबरनाथ पट्ट्यात घर शोधणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

मी मूळची बार्शीची, नोकरी ठाण्यात. आधी दोन वर्षं भाड्याने राहून मग बदलापुरात रिसेलमधला वन बीएचके घेतला. तेव्हापासून गावाकडची, ऑफिसमधली, नणंदेच्या ओळखीतली माणसं फोन करून तेच तेच विचारतात, म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवलंय. उदाहरणं बदलापूर-अंबरनाथची आहेत, पण डोंबिवली, कल्याण, विरार, पनवेल कुठेही घेत असाल तरी बरंचसं लागू पडेल.

आम्ही इथले नाही, कुणी ओळखीचंही नाही. भाग कसा ठरवायचा?

सगळे फ्लॅटपासून सुरुवात करतात, हॉल केवढा, किचनला ओटा कसा, फ्लोअरिंग कोणतं. मी सांगते, भाग आधी बघा आणि फ्लॅट सगळ्यात शेवटी. फ्लॅटमधलं जवळजवळ सगळं नंतर बदलता येतं, पण स्टेशनपासूनचं अंतर, पाणी, नाला आणि शेजार बदलता येत नाही.

आणि जमत असेल तर त्याच भागात सहा महिने भाड्याने राहून बघा, निदान एक पावसाळा तरी काढा. लोक म्हणतात भाड्याचे पैसे फुकट जातात. आम्ही आधी बदलापुरातल्या कात्रप भागात भाड्याने होतो, त्या काळात आम्हाला आवडलेले तीन फ्लॅट आम्ही स्वतःच नाकारले कारण तोवर त्या गल्ल्या माहीत झाल्या होत्या. एका ठिकाणी पावसात रिक्षाच आत जात नव्हती, एका ठिकाणी पाणी एक दिवसाआड होतं, आणि तिसऱ्या बिल्डिंगचं पुढे सांगते. ते भाडं माझ्या मते सगळ्यात सत्कारणी लागलेले पैसे.

भाड्याने राहणं जमणार नाही. मग निदान काय बघायचं?

एका रविवारी दुपारी एजंटच्या गाडीतून बघून टोकन देऊ नका, एवढं कळकळीने सांगते. रविवारी दुपारी कुठलाही भाग छानच दिसतो. निदान चार वेळा जा, आणि एजंटला न सांगता जा. एकदा सोमवारी सकाळी सातला, एकदा रात्री दहानंतर, एकदा मुसळधार पावसात, आणि एकदा पाणी येण्याच्या वेळी.

सकाळी त्या बिल्डिंगच्या गेटपासून स्टेशनपर्यंत स्वतः चालत जा, घड्याळ लावून. एजंटची "स्टेशनपासून दहा मिनिटं" ही बाइकची असतात, तीही रस्ता मोकळा असताना. मग तुमच्या ऑफिसच्या वेळेची लोकल पकडून खरंच ऑफिसपर्यंत जाऊन बघा. बदलापूर सीएसएमटीपासून ६८ किलोमीटर आहे, अंबरनाथ ६०, कल्याण ५४ च्या आसपास. नकाशावर कल्याण आणि बदलापुरात फार फरक वाटत नाही पण कल्याणला गाड्या कितीतरी जास्त, आणि बदलापूरची गाडी चुकली की पुढची येईपर्यंत उभं राहायचं. त्यात मागून येणारी कर्जत लोकल आधीच भरलेली. जागा मिळावी म्हणून अंबरनाथची कितीतरी माणसं उलटी बदलापूरला येऊन तिथून बसून जातात, रोज. घराचा हप्ता बसतोय एवढंच बघू नका, हा प्रवास वीस वर्षं अंगाला झेपणार आहे का तेही बघा.

रात्री दहानंतर एकट्या बाईने स्टेशन ते घर चालून बघावं, किंवा घरातल्या बाईबरोबर जावं आणि तिला काय वाटतं ते ऐकावं. दिवे आहेत का, दुकानं किती वाजेपर्यंत उघडी, शेअर रिक्षा शेवटची कधी. माझ्या नवऱ्याला जो रस्ता एकदम ठीक वाटला त्या रस्त्यावरून मला दीडशे पावलं अंधारात चालावं लागत होतं, तिथे मी नाहीच म्हटलं.

अजून एक म्हणजे वास. अंबरनाथ, बदलापूर, डोंबिवली तिन्हीकडे एमआयडीसी आहे, केमिकल कंपन्या आहेत, आणि वास बहुतेक रात्री उशिरा किंवा पहाटे येतो. दिवसा फ्लॅट बघणाऱ्याला कधीच कळत नाही.

खरी माहिती कुणाकडून मिळते?

ज्याला तुमच्या घर घेण्या-न घेण्याने काही फरक पडत नाही त्याच्याकडून. खालचा इस्त्रीवाला, किराणावाले काका, पोळीभाजी केंद्रातल्या मावशी. वॉचमनला सरळ "इथे काही प्रॉब्लेम आहे का" विचारलं तर तो नाही म्हणणार. त्याला विचारा, "दादा, टँकर कुठे उभा करतात हो?" टँकर येत असेल तर तो हात करून जागा दाखवतो. मला असंच कळलं.

पाण्याचं कसं तपासायचं?

बदलापूर-अंबरनाथला पाणी महाराष्ट्र जीवन प्राधिकरण पुरवतं, नगरपालिका नाही, त्यामुळे तक्रार कुठे करायची इथपासून नव्या माणसाला पत्ता नसतो. बिल्डिंगला अधिकृत नळजोडणी आहे का हे सोसायटीच्या पाण्याच्या बिलावरून कळतं, ते बघायला मागा. बिलच नसेल आणि "बोअरचं भरपूर पाणी आहे" असं उत्तर आलं तर एप्रिल-मेमध्ये काय करता हे विचारा.

सोसायटीचा मागच्या वर्षीचा जमाखर्च मिळाला तर त्यात टँकरचा खर्च वेगळा दिसतो. मी तर फ्लॅट बघताना बाथरूममधला नळ पूर्ण सोडून बादली भरायला किती वेळ लागतो ते बघायचे, मालकीणबाई जरा विचित्र बघायच्या पण बघू देत. वरच्या मजल्यावर नळाला करंगळीएवढी धार असेल तर रोज सकाळी डब्याच्या वेळेला रडायची पाळी येते.

बदलापुरात पूर येतो म्हणतात. खरंय का?

खरंय, पण सगळीकडे नाही. उल्हास नदी पश्चिमेच्या बाजूने जाते. २६ जुलै २००५ ला आला तो मोठा पूर, आणि २७ जुलै २०१९ ला तर महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या मधे पाण्यात अडकली होती, हजाराच्या आसपास प्रवाशांना बोटीने बाहेर काढलं. हेंद्रेपाडा, सोनिवली, वालिवली या बाजूच्या सखल भागांत पाणी शिरतं हे तिथली माणसं स्वतःच सांगतात. याचा अर्थ पश्चिमेला घरच घेऊ नका असा नाही, उंचावरच्या बिल्डिंगी आहेत तिथे आणि छान आहेत.

पूररेषा दोन असतात. निळी म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा पाणी येईल तिथपर्यंतची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदाची. आपली बिल्डिंग कुठल्या रेषेत आहे ते नगरपालिकेच्या नगररचना विभागात विचारता येतं. पण त्याआधी तळमजल्यावरच्या दुकानदाराला विचारा, "२०१९ ला पाणी कुठपर्यंत होतं?" ज्या तिसऱ्या बिल्डिंगबद्दल वर म्हटलं तिथे एका टेलरकाकांनी काही न बोलता भिंतीवर बोट ठेवलं, त्यांच्या शिलाई मशीनच्या वर वीतभर. तिथे मीटरची पेटी त्या खुणेच्या खाली होती. पूर आला तर वरच्या मजल्यावरचे आपण कोरडे राहू, पण लाइट, पंप, लिफ्ट, गाडी सगळं खाली असतं.

एजंट म्हणतो २७ लाखांत होईल. हातात किती पैसे हवेत?

इथेच सगळ्यांची फसगत होते म्हणून सविस्तर सांगते.

३० लाखांपर्यंतच्या कर्जाला बँक जास्तीत जास्त ९० टक्के देऊ शकते, त्याच्या पुढे ७५ लाखांपर्यंत ८०. पण ते टक्के बँकेच्या व्हॅल्युएशनवर धरतात, आणि रिसेलच्या जुन्या बिल्डिंगचं व्हॅल्युएशन बऱ्याचदा कमी येतं. आमचा सौदा २७ लाखांचा, बँकेने धरले २५, त्याचे ९० टक्के म्हणजे साडेबावीस. म्हणजे साडेचार लाख आमचे, स्टॅम्प ड्युटी वेगळी. आम्ही २ लाख ७० हजारांच्या तयारीत होतो. उरलेल्यासाठी माझ्या आईच्या पाटल्या मोडल्या, ते अजून मनाला लागतं.

स्टॅम्प ड्युटी ठाणे-पुण्यासारख्या महापालिका हद्दीत साधारण ७ टक्के, मुंबईत ६, नगरपालिका हद्दीत वेगळी असू शकते. नोंदणी शुल्क १ टक्का पण ३० हजारांच्या वर नाही. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर स्टॅम्प ड्युटीत १ टक्का सवलत आहे, नवरा-बायको दोघांच्या नावावर असेल तर ती मिळत नाही. आणि ड्युटी तुमच्या करारातली किंमत आणि सरकारी रेडी रेकनरची (सरकारने भागानुसार ठरवलेल्या दराची) किंमत यातली जी जास्त असेल तिच्यावर लागते. रेकनरचे दर नोंदणी व मुद्रांक विभागाच्या वेबसाइटवर गावानुसार बघता येतात, एजंटला विचारायची गरज नाही.

त्यावर एजंटची दलाली, वकील, बँकेची प्रोसेसिंग फी, सोसायटीचं ट्रान्सफर. मग रंग, ग्रिल, पंखे, गिझर. माझा साधा हिशोब असा की घराच्या किमतीच्या पंचवीस टक्के स्वतःकडे हवेत, आणि त्याशिवाय सहा महिन्यांचे हप्ते बाजूला. ते नसतील तर वर्षभर थांबा किंवा छोटं घर बघा.

हप्ता किती झेपेल कसं ठरवायचं?

साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी एका लाखाला महिन्याला साधारण ८६८ रुपये. साडेबावीस लाखांना साडेएकोणीस हजार. बँक तुम्हाला जेवढं मंजूर करते तेवढं घ्यायलाच पाहिजे असं नाही.

एक प्रयोग करा. घर घ्यायच्या आधी सहा महिने, होणारा हप्ता वजा आत्ताचं भाडं, एवढी रक्कम दर महिन्याच्या पाच तारखेला वेगळ्या खात्यात टाका. गावाकडचं लग्न, दवाखाना, शाळेची फी सगळं येऊनही ती टाकता आली तर हप्ता झेपतो. दिवाळीच्या महिन्यात अडकलात तर खरं उत्तर तेच.

फ्लोटिंग रेटच्या, म्हणजे व्याजदर बदलत राहणाऱ्या, कर्जाला वैयक्तिक कर्जदाराकडून मुदतीआधी फेडीचा दंड घेता येत नाही, त्यामुळे बोनस आला की मुद्दलात टाकत जा.

नवीन बुकिंग की रिसेल?

बजेट तंग असेल तर माझं मत रिसेलकडे किंवा ओसी (पालिकेचा राहायला परवानगी देणारा भोगवटा दाखला) मिळालेल्या तयार घराकडे. बांधकाम चालू असलेल्या घरात भाडं आणि हप्ता दोन्ही एकदम चालू असतात आणि ताबा लांबला की कंबरडं मोडतं. शिवाय त्यावर जीएसटी लागतो, ४५ लाखांपर्यंतचं आणि मुंबई महानगर भागात ६० चौरस मीटर कारपेटपर्यंतचं घर असेल तर १ टक्का, नाहीतर ५. पूर्णत्वाचा दाखला किंवा ओसी झाल्यावर विकलेल्या घरावर आणि रिसेलवर जीएसटी नाही.

नवीनच घ्यायचं असेल तर एक नियम पाठ करा, नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डर १० टक्क्यांपेक्षा जास्त पैसे घेऊ शकत नाही. "ऑफर आजच संपते, वीस टक्के भरा, ॲग्रीमेंट दिवाळीनंतर करू" म्हणाला की उठून या.

जाहिरातीवर रेरा नंबर आहे. म्हणजे काळजी मिटली ना?

नाही. हे मी अगदी ठळक अक्षरात लिहीन.

महारेरा, म्हणजे बिल्डरांच्या प्रोजेक्टची नोंदणी करणारं राज्याचं प्राधिकरण, २०१७ पासून आहे आणि त्याने खूप फायदा झाला, पण कल्याण-डोंबिवलीत काय झालं ते लक्षात ठेवा. महापालिकेच्या खोट्या परवानग्या तयार करून त्या जोडून रेरा नोंदणी मिळवली गेली. अशा ६५ बिल्डिंगी निघाल्या, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई हायकोर्टाने त्या पाडायचा आदेश दिला. तिथल्या माणसांनी रेरा नंबर बघितला होता, कित्येकांनी बँकेचं कर्ज घेतलं होतं, रजिस्ट्रेशन केलं होतं. नालासोपाऱ्यातही ४१ अनधिकृत बिल्डिंगी पाडल्या गेल्या, हजारो माणसं रस्त्यावर आली. त्यांना कुणी मूर्ख म्हटलं की मला फार राग येतो. त्यांनी जेवढं सांगितलं गेलं तेवढं सगळं तपासलं होतं.

म्हणून एक पायरी जास्तीची करा. महारेराच्या साइटवर प्रोजेक्ट उघडून बांधकाम परवानगीचा क्रमांक आणि तारीख लिहून घ्या, आणि तो कागद घेऊन महापालिका किंवा नगरपालिकेच्या नगररचना विभागात स्वतः जा, ही परवानगी तुमच्याकडून दिलीये का विचारा. तोंडी उत्तर मिळत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका, दहा रुपये लागतात आणि ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. एजंट म्हणेल तोपर्यंत फ्लॅट जाईल. जाऊ द्या.

आणि "ग्रामपंचायतीची परवानगी आहे" म्हणून चार-पाच मजली बिल्डिंगमधे स्वस्त घर दाखवलं तर किमतीकडे बघून मोह पडेल, पण लांब राहा. ४ एप्रिल २०१३ ला शीळफाट्याजवळ जी बिल्डिंग कोसळली ती बेकायदाच होती, बांधकाम चालू असतानाच लोक राहायला आणले होते, ७४ माणसं गेली.

"६२० चा वन बीएचके" म्हणजे नक्की केवढा?

बहुतेक वेळा आत वापरायला चारशे चौरस फुटांच्या आसपास. रेराच्या कायद्यानुसार कारपेटवरच बोलायला पाहिजे. कारपेट म्हणजे घराच्या आतली वापराची जागा, आतल्या भिंती धरून, पण बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी, टेरेस सोडून. टेप घेऊन जा, खोल्या मोजा, आणि किंमत भागिले कारपेट करूनच दोन घरांची तुलना करा. असं केल्यावर स्वस्त वाटलेलं घर महाग निघतं, आमच्या यादीत दोनदा झालं.

रिसेलमध्ये कुठले कागद बघायचे?

पहिल्या मालकाने बिल्डरशी केलेल्या करारापासून आत्तापर्यंतची सगळी साखळी, प्रत्येक करार नोंदणी झालेला, इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयाचा व्यवहाराचा उतारा) सकट. सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, त्याच्या मागे मालकांची नावं चढलेली. बिल्डिंगची ओसी. जमिनीचा सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड आणि एनए ऑर्डर, म्हणजे जमीन बिगरशेती केल्याचा आदेश. कन्व्हेयन्स झालाय का, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर आली का, हे जरूर विचारा, नाहीतर उद्या रिडेव्हलपमेंटला अडेल. विकणाऱ्याचं कर्ज चालू असेल तर बँकेचं थकबाकीचं पत्र. वकिलाकडून मालकीच्या नोंदींचा ३० वर्षांचा सर्च आणि पेपरात जाहीर नोटीस.

एक गोष्ट फार जणांना माहीत नसते. मूळ मालक वारलेला असेल आणि "मी नॉमिनी आहे, मी विकतो" म्हणून मुलगा पुढे आला तर थांबा. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सगळ्या वारसांच्या सह्या लागतात, लग्न होऊन गेलेल्या बहिणींच्या सुद्धा.

वकील स्वतःचा करा. एजंटचा, बिल्डरचा किंवा "बँक बघतेच की" असं नको, बँक तिच्या पैशाचं बघते. सोसायटी ट्रान्सफर प्रीमियम म्हणून कितीही मागू शकत नाही, महापालिका हद्दीतसुद्धा २५ हजारांची मर्यादा आहे.

मालक चार लाख कॅश मागतोय, म्हणतो त्याशिवाय नाही. काय करू?

सोडून द्या. घराच्या व्यवहारात २० हजार किंवा जास्त रोख घेणं कायद्याने बंद आहे. आणि साधा हिशोब बघा, कर्ज करारातल्या रकमेवर मिळतं, कॅशवर नाही, म्हणजे ते चार लाख पूर्ण तुमच्या खिशातून. उद्या सौदा मोडला तर त्याचा पुरावा काय?

टोकनसुद्धा चेकने द्या, आणि एका कागदावर लिहून घ्या की कर्ज मंजूर झालं नाही किंवा कागदात दोष निघाला तर टोकन परत. मी साध्या वहीच्या कागदावर लिहून दोघांच्या सह्या घेतल्या होत्या, मालक आजोबा म्हणाले बाळा एवढा अविश्वास कशाला, मी म्हटलं आजोबा अविश्वास नाही, माझ्याकडे दुसऱ्यांदा द्यायला पैसेच नाहीत. त्यांनी सही केली.

म्हाडा, सिडकोचं काय?

अर्ज जरूर भरा. म्हाडाच्या कोकण मंडळाची विरार-बोळींज, कल्याणजवळ शिरढोण, खोणी इथे घरं आहेत, सिडकोची तळोजा, द्रोणागिरी वगैरे. कागद स्वच्छ असतात ही मोठी गोष्ट. अधिवास दाखला आणि उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा. फक्त भाग तिथेही तसाच बघायचा, पाणी, स्टेशन, बस. आणि म्हाडाने एजंट नेमलेले नाहीत, "लॉटरी लावून देतो" म्हणणारा चोर आहे.

सरकारी सबसिडी मिळते का?

प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० मध्ये व्याजाची सवलत आहे, वर्षाला ९ लाखांपर्यंत उत्पन्न, घर ३५ लाखांपर्यंत, कर्ज २५ लाखांपर्यंत, आणि देशात कुठेही पक्कं घर नावावर नको. जास्तीत जास्त १ लाख ८० हजार, तेही हप्त्याहप्त्याने जमा होतात. मिळाले तर चांगलंच, पण घर घ्यायचा निर्णय त्यावर अवलंबून ठेवू नका. गावच्या घराला तुमचं नाव लागलंय का तेही आधी बघा.

मेट्रो येणार आहे म्हणे, आत्ताच घेतलं नाही तर भाव जातील?

कांजूरमार्ग-बदलापूर मेट्रो १४ ची चर्चा मी इथे आल्यापासून ऐकते आणि प्रत्येक एजंटच्या तोंडी आहे. येईल तेव्हा आनंदच आहे. पण राहायला घर घेताना आज जी गाडी धावते तिचाच हिशोब धरा. येणार असलेल्या स्टेशनसाठी आज चौरस फुटाला जादा पैसे का द्यायचे?

ताबा मिळाल्यावर आधी काय करू?

कुलूप बदला. मग महावितरणचं बिल, घरपट्टी आणि शेअर सर्टिफिकेट, तिन्हीवर नाव चढवायला एकाच आठवड्यात अर्ज द्या, लांबणीवर टाकलं की वर्षानुवर्षं राहतं. मूळ कागद बँकेकडे जातात, त्याची यादी बँकेच्या शिक्क्यासकट घ्या आणि प्रत्येक पान स्कॅन करून दोन ठिकाणी ठेवा, त्यातलं एक गावाकडे. आमची फाइल बार्शीला आईच्या कपाटात आहे, पाटल्यांच्या रिकाम्या डबीशेजारी.